चार पायांचं हत्यार

आरसा मीच फोडला. पुढचा दिवाही मीच. बॉनेटवरचा पोचा मात्र माझा नव्हे, असं माझं आजही म्हणणं आहे. पण आरसा आणि दिवा फोडलेल्या बाईनं पोच्यावरून हुज्जत घालू नये, एवढी समज मला या वयात आलेली आहे.

मला पाहिलंत तर तुमचा विश्वास बसणार नाही. मी गाडी चालवत असले की सायकलवाले मला मागे टाकतात आणि जाता जाता आत डोकावून बघतात, बाईंना बरं वाटत नाही की काय म्हणून. चौकात समोरून कुणी आलं की मी "आधी तुम्ही" म्हणून थांबते. मागचे काय म्हणतात ते काच बंद असल्यामुळे कळत नाही. गाडी मी पन्नाशीला शिकले, तीही गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक दोनदा वाचून आणि शेजारी बसलेल्या ह्यांचा आरडाओरडा ऐकून. "क्लच! अगं, क्लच! तो पाय आहे की धोंडा?"

आता हे ओरडत नाहीत. गेल्या वर्षी झटका आला आणि ह्यांचा उजवा हात, उजवा पाय आणि झाडून सगळे शब्द एका सकाळीत गेले. राहिले दोन: "बरं" आणि "नाही". आणि आकडे. हे जमीन मोजणीच्या खात्यात होते. तीस वर्षं लोकांच्या जमिनीवरून साखळी ओढली. डॉक्टर म्हणाले, आकड्यांचा कप्पा मेंदूत वेगळ्या जागी असतो, तिथवर पूर पोचला नाही. पण एक मेख आहे. मधलाच आकडा उचलून आणता येत नाही, एकापासून पायरी पायरीनं चढत यावं लागतं. सकाळी कितीला उठवू, असं विचारलं की हे म्हणतात, "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा," आणि थांबतात. साडेसहाची सोय नाही. म्हणून आम्ही सहाला उठतो.

फिजिओच्या दवाखान्यातली मुलगी मोठी गोड होती. ती म्हणाली, "काका, जे परत यायचं ते पहिल्या सहा महिन्यांत येतं. नंतर येतच नाही असं नाही, पण मग लाजत लाजत येतं." तिनं ह्यांना चार पायांची काठी दिली. खाली चार रबरी बुटं, वर वाकडी मूठ. ह्यांच्या मनगटाशी उंची मापून तिनं खिळी बसवली आणि खिळीच्या भोकाशी स्वतःच्या नेलपॉलिशनं लाल खूण केली, म्हणजे साफसफाईत कुणी उंची हलवली तर कळावं. त्या काठीवर हे तिसऱ्या महिन्यात अकरा पावलं चालायला लागले. मोठ्यानं मोजत. अकरावर खुर्ची लागायची.

तर ती गल्ली. दवाखान्याची गल्ली एवढी अरुंद, की दोन गाड्यांपैकी एकीनं कायम दिलगीर असावं लागतं. मी फाटकासमोर गाडी उभी करायची, ह्यांना उतरवून वॉचमनच्या खुर्चीत बसवायचं आणि मग पुढे जाऊन गाडी लावायची, असा रिवाज होता. त्या दिवशी वॉचमननं खुर्ची पुढे केली तर हे म्हणाले, "नाही." आणि निघाले. गाडीला वळसा घालून फाटकाकडे, स्वतःचे स्वतः.

मी दोन्ही हात हवेत धरून मागे मागे. गाडीचं दार उघडं, इंजिन चालू, गल्ली बंद. माझ्यामागे एक नवी कोरी गाडी येऊन थांबली होती. मी खोटं बोलणार नाही, तो माणूस थांबला. चांगला दीड-दोन मिनिटं थांबला. आजकाल एवढं कुणी थांबत नाही. हे मोजत होते. अकरा. बारा. तेरा. मला रडू की हसू ते कळेना. पंधरा. सोळा. सतरा.

आणि हॉर्न वाजला. छोटा नाही, लांब. हाताचा तळवा ठेवून माणूस विसरून जातो, तसा.

हे पडले नाहीत. मी धरलं. पण दचकून ह्यांची पँट ओली झाली, पार बुटापर्यंत. ह्यांनी खाली बघितलं आणि मग माझ्याकडे. तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं.

हे मी तुम्हाला सांगते आहे, पोलिसांना सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगायला ह्यांची ना नाही. विचारून घेतलंय.

मी ह्यांना खुर्चीत बसवलं, माझ्या हातातली पिशवी ह्यांच्या मांडीवर ठेवून वरून नीट पसरली, डाव्या हातातून काठी सोडवून घेतली, म्हटलं "आलेच," आणि गेले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. गाडीतल्या माणसाचं तोंड काचेमागे उघडं राहिलं होतं. सीटांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं, गाडी नऊ दिवसांची होती. तो बाहेर आला आणि ओरडला, "ओ बाई! वेड लागलंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, "हो." आणि परत आले. ह्यांच्या आणि त्याच्या मध्ये माझी गाडी आडवी होती. त्यानं काहीच पाहिलं नाही.

दुपारी पोलिस ठाण्यातून फोन आला. ह्यांना आंघोळ घालून, जेवू घालून, झोपवून मी गेले. इथे माझ्या नोकरीबद्दल चार शब्द सांगायला हवेत, कारण सगळं मातेरं तिथून झालं. मी एका कार्यालयाच्या अभिलेख विभागात आहे. लोक नकला मागायला येतात, मी फॉर्म तपासते. चोवीस वर्षं मी एकच वाक्य म्हणत आले आहे: "रकाना रिकामा ठेवू नका." लोक घाबरतात मला. रकाना रिकामा दिसला की मला पायात खडा गेल्यासारखं होतं.

ठाण्यातला शिपाई माझ्यासमोर कागद भरत होता. वाहनाचे वर्णन, नुकसानीचे वर्णन, आणि मग "हत्यार". तिथे त्यानं लिहायला घेतलं: "मिळून आले नाही."

"असं कसं?" मी म्हटलं. "आहे ना. गाडीत आहे. आणते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाई, राहू द्या की. नसलं तरी चालतं."

"चालतं कसं? रकाना आहे तो."

मी काठी आणून टेबलावर ठेवली. चार पायांवर ती शहाण्यासारखी उभी राहिली. शिपायानं डोकं खाजवलं, दोघा सहकाऱ्यांना बोलावलं आणि बऱ्याच चर्चेनंतर लिहिलं: "धातूचे हत्यार, पाय चार, टोकांस रबर." मला समाधान वाटलं. कामात व्यवस्थितपणा असला म्हणजे बरं. मग त्यानं तपकिरी कागद घेतला, काठी गुंडाळली, सुतळी बांधली आणि लाख वितळवायला घेतली.

"हे काय करताय?"

"मुद्देमाल आहे. जप्त."

"अहो, पण माझे मिस्टर त्यावर चालतात!"

"मग आणलीत कशाला?" तो म्हणाला.

राहिला शेवटचा रकाना. "हल्ल्याचे कारण?"

"हॉर्न वाजवला."

"एवढंच?"

"एवढंच."

"काही बोलला का तो? घाणेरडं वगैरे?"

"नाही."

"मग आणखी काहीतरी असेल बाई. नुसत्या हॉर्नवर कुणी गाडी फोडत नाही. आठवा."

मी आठवलं. मग म्हटलं, "तो रकाना राहू द्या."

त्यानं लिहिलं: "अज्ञात कारणावरून."

आमच्या वरच्या मजल्यावर झेरॉक्सकाका राहतात. त्यांनी पंचवीस वर्षं कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान चालवलं. लाखो कज्ज्यांचे कागद त्यांच्या हाताखालून गेले, त्यामुळे कायदा आपल्या अंगात भिनला आहे अशी त्यांची समजूत आहे. गंमत म्हणजे त्यांना कागदांची पहिली पानंच तोंडपाठ असत. निकाल काय लागला ते कधीच माहीत नसे.

"वहिनी, उलट तक्रार ठोका," ते जिन्यातच म्हणाले. "ध्वनिप्रदूषण! किंवा वेडाचा दाखला घ्या. चौऱ्याऐंशी साली एका बाईनं नवऱ्याच्या ऑफिसला आग लावली होती. वेडाचा दाखला जोडला होता, मी स्वतः तीन प्रती काढल्या."

"सुटली का?"

"ते नाही माहीत. पण प्रती स्वच्छ आल्या होत्या."

त्यांनीच एक वकीलबाई गाठून दिल्या, त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी. चुणचुणीत. तिनं कागद वाचले, हत्यार वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा हत्यार वाचलं. "काकू, हे तुम्ही स्वतः नेऊन दिलंत?"

"हो."

"कुणीही न मागता?"

झेरॉक्सकाका मधे पडले. "त्यांचं अक्षरही फार सुंदर आहे."

वकीलबाईनं सरळ सांगितलं. गुन्हा मोठा नाही. अचानक चिथावणी मिळाली असं दाखवता आलं, तर समोरचाही तक्रार मागे घेईल आणि काठी आठवड्यात हातात. "पण चिथावणी काय, ते सांगा. हॉर्न ही चिथावणी होत नाही काकू. नाहीतर सगळं शहर तुरुंगात जाईल."

"दुसरं काही नाही," मी म्हटलं.

"विचार करा."

विचार काय करायचा? ह्या माणसानं शेतात दिवसभर साखळी ओढून आल्यावरसुद्धा बाहेर जाताना शर्टाला कडक इस्त्री लागते म्हणून मला पिळलं आहे. त्या माणसाची ती गोष्ट शिक्क्यानिशी कागदावर जाणार, टाइप होणार, दोन बाजूंच्या वकिलांना प्रती मिळणार. आणि नकला काय होतात ते मला कुणी सांगायला नको. नक्कल मागितली की द्यावी लागते. मीच देते.

मग मुद्देमालाच्या खोलीच्या खेपा सुरू झाल्या. तिथे एक वयस्क हवालदार होता. टेबलावर जाडजूड नोंदवही, रेघा पट्टीनं आखलेल्या, लाल शाईनं क्रमांक, एकही खाडाखोड नाही. माझा क्रमांक एकशे बारा. एकशे अकरावर कोयता होता आणि एकशे तेरावर कोंबडा (मयत). मी दोष काढायच्या इराद्यानं वही चाळली आणि दहा मिनिटांत त्या माणसाच्या पायाशी आले. शत्रू असावा तर असा!

"काठी तात्पुरती द्या की हो," मी म्हटलं. "मी रोज संध्याकाळी आणून दाखवीन."

"देता येत नाही, बाई. अर्जाबरोबर खरेदीची पावती लागते."

पावती आणली. दुकानदारानं घाईत लिहिलं होतं, "चार पायांचे उपकरण, एक नग."

हवालदारानं ती उजेडाकडे धरली. "हे स्टूलही असू शकतं."

त्याचं म्हणणं मला पटलं. हेच तर माझं दुर्दैव आहे. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. मी दुरुस्त पावती आणली, तोवर काठी प्रयोगशाळेत रवाना झाली होती: रबरी बुटांना लागलेला रंग फिर्यादीच्या गाडीचाच आहे की नाही ते तपासायला.

"अहो, पण मी कबूल केलंय!"

"तुम्ही केलंय," हवालदार शांतपणे म्हणाला, "काठीनं नाही."

प्रयोगशाळेतून ती पाच आठवड्यांनी परत आली. तपासणी न होता. पुडक्यावर एक सही कमी होती. ती सही घेऊन पुन्हा गेली.

तुम्ही म्हणाल, बाई, दुसरी काठी आणायची. आणली. बाजारातून, तिसऱ्या दिवशीच. पण ती हलकी होती, पाय जवळजवळ होते, आणि मूठ उजव्या हातासाठी वळवलेली. मी पुस्तिका वाचून स्वतः फिरवली. म्हटलं, गाडी शिकले तर मूठ काय मोठी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ती मूठ फिरली. हे चार पावलांवर होते, "पाच" तोंडात होता. खांद्यावर पडले. हाड मोडलं नाही, डॉक्टर म्हणाले, नशीब. पण त्यानंतर मी ह्यांना उभं करायला गेले की हे पलंगाची कड धरून ठेवायचे आणि म्हणायचे, "नाही." फिजिओ मुलगी घरी येऊन गेली. तिनं लाडीगोडी केली, रागावून बघितलं, आपली सगळी हत्यारं काढली. "नाही." जाताना ती जिन्यात म्हणाली, "मावशी, ती पहिली काठी आणा ना. तिच्यावर त्यांचा विश्वास होता." आणि मग, "चौथा महिना संपला."

मी त्या रात्री जेवले नाही, असं म्हणायला हवं, पण जेवले. आमटी चांगली झाली होती. जेवताना मात्र एकच हिशेब डोक्यात होता: एक वाक्य कोर्टात म्हटलं की काठी येईल. म्हटलं नाही की महिने जातील. मी रोज सकाळी म्हणायचं ठरवायची. रोज दुपारी ह्यांची इस्त्री करायची आणि ठरलेलं मोडायची.

कोर्टाच्या पहिल्या तारखेला फिर्यादी भेटला. वकीलबाईनं ओळख करून दिली: हे टाइल्सवाले, बाथरूमच्या फरश्यांचं दुकान आहे ह्यांचं. चाळिशीचा, जाडसर, घामाघूम माणूस. मला वाटलं तावातावानं येईल. तो बाकावर माझ्या शेजारी बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, मला भरपाई नको. विम्यातून झालं सगळं. मला एवढंच सांगा, मी केलं काय?"

"हॉर्न वाजवलात."

"ते मला माहीत आहे हो! पण घरी कुणाला पटत नाही. बायको रोज विचारते, खरं सांगा, त्या बाईला काय बोललात तुम्ही? शेजारणीसुद्धा आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. सभ्य दिसणारी बाई उगीच गाडी फोडत नाही म्हणतात. सासरे परवा म्हणाले, जावईबापू, चूक झाली असेल तर कबूल करून मोकळे व्हा." त्यानं रुमालानं मान पुसली. "आमच्या घरात मी गुन्हेगार आहे काकू. तुम्ही नाही."

त्याची मला खरंच कीव आली. मी म्हटलं, "तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी लिहून देते."

"मग कारण काय ते पण लिहा ना."

मी पिशवी आवरून मांडीवर घेतली. तो उठून गेला. त्याची पाठ बघून मला आरसा फोडताना वाटलं नव्हतं तेवढं वाईट वाटलं.

साडेचौथा, पाचवा, साडेपाचवा महिना. मग एकदाची प्रयोगशाळेनं काठी परत केली (रंग फिर्यादीच्याच गाडीचा, असा शोध लागला) आणि कोर्टाचं पत्र आलं: मुद्देमाल ओळखून नेण्यासाठी मालकानं जातीनं हजर राहावं. मालक म्हणजे हे. कोर्ट दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर "बंद आहे" अशी पाटी, आणि ती खडूनं नव्हे, तैलरंगात. चालता येत नाही म्हणून काठी हवी, काठी मिळायला चालत या. झेरॉक्सकाकांनासुद्धा यावर दाखला सापडेना.

शेवटी त्यांनी दुकानातली जुनी खुर्ची आणली. एका पायाला ते, एकाला मुद्देमालाचे हवालदार, एकाला कोर्टाचा शिपाई. चौथ्या पायाला मी हात घातला, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, सरा." टाइल्सवाले होते. इस्त्रीच्या शर्टाची बाही त्यांनी दुमडली आणि वाकले. "काका, घट्ट धरा हं." वळणावर चौघे दमले, झेरॉक्सकाका हवालदाराला म्हणाले जरा खाली घ्या, हवालदार म्हणाले नियमानं आधी वर घ्यावं लागतं, आणि अशा थाटात, लग्नातल्या नवरदेवासारखे, हे वर पोचले. साडेपाच महिन्यांत ह्यांना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

न्यायाधीशबाई निवृत्तीला आलेल्या, दमलेल्या. पुढ्यात माझं तपकिरी पुडकं. लाख फोडली, काठी बाहेर आली. लाल खूण जागेवर होती.

"ही काठी आपली?"

"बरं," हे म्हणाले.

लिपिकानं टाइप करता करता विचारलं, "मॅडम, बरं म्हणजे हो का?"

"हो लिहा." त्यांनी आमच्या प्रकरणाची पानं उलटली. "अज्ञात कारणावरून... आजोबा, तुम्ही तिथे होता ना? आपल्या पत्नीनं असं का केलं, सांगता येईल?"

वकीलबाई उठल्या. "मॅडम, त्यांना बोलता येत नाही."

मीही उठले. "मी सांगते ना, हॉर्न..."

"तुम्हाला विचारलेलं नाही. बसा."

मी बसले. आणि हे म्हणाले, "एक."

सगळे थांबले. "दोन," हे म्हणाले. "तीन. चार." लिपिकानं "एक, दोन" टाइप केलं आणि बोटं वर धरून बसला. न्यायाधीशबाईंनी लेखणी खाली ठेवली. हे मोजत होते, आणि मोजताना डावा पाय जमिनीवर थोडा थोडा सरकवत होते. मला कळलं. अकरापाशी मला कळलं, आणि मी मान हलवली, नको, अहो, नको. ह्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "पंधरा. सोळा. सतरा."

मग ह्यांनी तोंडानं हॉर्न वाजवला. लांब. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. हे थांबले, हसणं संपू दिलं, आणि आपला डावा हात पँटवर ठेवून मांडीवरून गुडघ्यापर्यंत, तिथून वाकून बुटापर्यंत नेला. ओठ हलत होते. गळ्याची शीर ताठ झाली होती.

"ओ," हे म्हणाले. "ओ... लं."

झटका आल्यापासून तो ह्यांचा तिसरा शब्द.

लिपिक हळूच म्हणाला, "मॅडम, काय लिहू?"

"आधी त्यांना पाणी द्या," बाई म्हणाल्या.

टाइल्सवाले उभे राहिले होते. चेहऱ्याचा रंग उडाला होता. "मला दिसलं नाही," ते म्हणाले. "मधे ह्यांची गाडी होती. मला खरंच दिसलं नाही, मॅडम." आणि मग, कुणीही विचारलं नसताना, "मला मागे घ्यायची आहे तक्रार. आत्ता. कुठे सही करू?"

सह्या झाल्या. मला कडक ताकीद मिळाली आणि ती मी मान खाली घालून घेतली. हवालदारांनी आपली नोंदवही आणली होती. एकशे बारासमोर "मालकास परत" असं सुरेख अक्षरात लिहून त्यांनी पट्टी ठेवून रेघ मारली.

गाडीत मात्र माझा बांध फुटला. "का सांगितलंत? अडीच महिने मी जीभ आवरली! लोक मला वेडी म्हणाले, मी म्हटलं म्हणू देत. कुणासाठी? आणि तुम्ही भर कोर्टात..."

हे समोरच्या काचेतून बघत होते. रागानं नाही. मला थोडं दमलेलं वाटलं ते बघणं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ह्यांना मी एकदाही विचारलं नव्हतं. दिवसाला दहा गोष्टी विचारत होते, चहा हवा का, पंखा लावू का, कितीला उठवू. हे नाही विचारलं. लाज ह्यांची असेल असं धरून मी ती कडीकुलपात ठेवली होती, आणि हे पलंगावर बसून महिने जाताना बघत होते. लाज कुणाची होती, देव जाणे. उभ्या गल्लीत ओल्या पँटवर पिशवी पसरली ती मी.

दुसऱ्या दिवशी फिजिओ मुलीनं काठी डाव्या हातात दिली. ह्यांनी लाल खुणेवर अंगठा फिरवला. उभे राहिले. "एक. दोन." तिसऱ्याला घोटा वळलाच नाही, इतक्या महिन्यांत तो दगड झाला होता. महिनाभर तिनं आशा सोडली नाही. पाचाच्या पुढे गाडी गेली नाही. मग एक दिवस तिनं काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाली, "मावशी, चाकाच्या खुर्चीचंही एकदा बघून ठेवा हं." जणू पडद्याचं कापड बघून ठेवा, अशा आवाजात. मी म्हटलं बघते, आणि बघितलं नाही.

आणि एका रविवारी सकाळी दारात टाइल्सवाले. बरोबर एक गवंडी आणि हातात खरखरीत फरशीचा नमुना.

"काकू, नाही म्हणू नका. ही पाय धरून ठेवते, ओली असली तरी. तुमच्या बाथरूमला बसवून देतो. बायकोनं पाठवलंय." मग जरा लाजत, "सगळं सांगितलं तिला. आता बोलते माझ्याशी."

मी नको म्हणेपर्यंत गवंडी आत पोचला होता. हे दारासमोर खुर्चीत बसून देखरेख करत होते. गवंड्यानं पहिली ओळ मांडली. "नाही," हे म्हणाले. गवंड्यानं पाणसळ लावली. उतार खरंच उलटा होता. दुसऱ्यांदा, "नाही." तिसऱ्यांदा, "बरं." गवंडी टाइल्सवाल्यांना म्हणाला, "साहेब, ह्यांना आपल्या दुकानात घ्या."

मग टाइल्सवाल्यांनी टेप काढून दार मापलं. "सव्वीस इंच. काकू, चौकट काढतोच आहोत, तर आत्ताच सांगा. काका आत काठीनं जाणार की चाकाची खुर्ची न्यायची? काठी असेल तर हेच पुरतं."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. काठीनं. एवढंच म्हणायचं होतं. जीभ टाळूला लागलीसुद्धा.

मी ह्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले. "अहो," मी विचारलं, "दार किती ठेवायचं?"

ह्यांनी एक डोळा बारीक करून दाराकडे बघितलं, डावीकडून उजवीकडे आणि परत. मग माझ्याकडे बघितलं.

"एक," हे म्हणाले.

गवंड्यानं छिन्नी खाली ठेवली. टाइल्सवाल्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. दहा. अकरा. त्यांच्या खिशात फोन वाजला, त्यांनी न बघता बंद केला. सतरा. अठरा. बाविसाशी ह्यांचा श्वास पुरेना, हे थांबले. तेवीस. चोवीस. पंचवीस.

सव्वीस.

मी ह्यांचा हात धरला होता. तो माझ्या हातात घट्ट झाला.

"सत्तावीस," हे म्हणाले. "अठ्ठावीस."

चौतिसाला हे थांबले. टाइल्सवाल्यांनी भिंतीवर आकडा लिहिला, पुन्हा एकदा ह्यांच्याकडे बघून खात्री केली, आणि गवंड्याला म्हणाले, "फोड."